गावाने नाव काढावं

नवा बॅण्ड काढला असं म्हटलं की पुण्या-मुंबईची मंडळी गिटार आणि ड्रम डोळ्यांपुढे आणतात. खान्देशात बॅण्ड म्हणजे लग्नाचा बॅण्ड. पितळी वाद्यं, झालरीचे डगले, गाडीवर चढवलेले कर्णे, पुढे तोंडात रुमाल धरून नाचणारी पोरं आणि मागे घोड्यावरचा नवरदेव. आम्ही अकरा जणांनी २०१६ साली जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात असा एक नवा बॅण्ड उभा केला. वाद्यं कशी जमवली, पैसा कुठून आणला, ते सांगत बसत नाही. वाद्यं उसनीही मिळतात. उसने मिळत नाहीत ते ऐकणारे. दुसऱ्याच्या दारात वाजवणाऱ्याला आपले म्हणता येतील असे ऐकणारे कसे मिळतात, आणि वाजवणाऱ्याचं नाव रशीद किंवा सलीम असेल तर ते कसे टिकतात, एवढंच इथे मांडायचं आहे.

या धंद्यात मुसलमान बरेच आहेत, हे बाहेरच्यांच्या फारसं लक्षात येत नाही. इंग्रजी पलटणींच्या बॅण्डमधून ही वाद्यं संस्थानिकांच्या दरबारात गेली आणि तिथून वरातीत उतरली. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची आहे. कोलकात्याच्या महात्मा गांधी रोडवर महबूब बॅण्डचं नाव आहे. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने देशभरच्या लग्नाच्या बॅण्डवाल्यांत फिरून ‘ब्रास बाजा’ नावाचं पुस्तकच लिहिलं. ते २००५ साली आलं. पण खान्देशातल्या बॅण्डवाल्याला अभ्यासक भेटत नाहीत. त्याला नवरीचा बाप भेटतो आणि विचारतो, ‘माणसं किती? तास किती? जनरेटर कोणाचा?’

अकरांपैकी सात जण मुसलमान, त्यांतले दोन यावल तालुक्यातले तडवी. ढोल-ताशावर मातंग समाजातले दोघे, झांज आणि खुळखुळ्यावर शिरपूरकडचे दोन भिल्ल पोरगे. सगळेच आधी जुन्या बॅण्डमध्ये हंगामाच्या मजुरीवर होतो. तिथे लोक मालकाला ओळखत. क्लॅरोनेट कोण वाजवतं हे विचारायचं कोणाला कारणच नव्हतं. म्हणून स्वतःचं काढायचं ठरलं तेव्हा पहिला वाद झाला तो नावावरून. एकाचं म्हणणं, एखाद्या देवाचं नाव द्यावं, लगीनघरी बरं वाटतं. कित्येक मुसलमान मालकांनी तसं केलेलं आहे. दुसऱ्याचं म्हणणं, आपण कोण आहोत हे लपवून मिळवलेलं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी रुसायचं. दोन रात्री बोलणं चाललं. शेवटी ज्यात देवही नाही आणि पीरही नाही, असं एक नाव ढोलावर रंगवलं आणि खाली मास्तरांचं खरं नाव मोबाइल नंबरासह लिहिलं. ते नाव इथे देत नाही. हे पान जाहिरातीचं नाही.

आमचा पहिला हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू व्हायचा होता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि दोनच दिवसांनी कार्तिकी एकादशी होती. लग्नं थांबली नाहीत, पण लोकांच्या हातात पैसा राहिला नाही. बॅण्डवाल्याची अर्धी कमाई ओवाळून टाकलेल्या दहा-वीसच्या नोटांत असते. त्या हंगामात कोणी नोट ओवाळेना. एका अर्थी बरंच झालं. नोटांकडे लक्ष राहिलं नाही, तेव्हा माणसांकडे पाहायला सवड मिळाली.

पाहिल्यावर एक गोष्ट कळली. सगळे बॅण्ड तीच दहा-पंधरा गाणी वाजवतात. ‘नागिन’ १९५४ चा. त्यातली पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लेव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली आणि साथीला रवी यांची हार्मोनियम होती. हेच रवी पुढे संगीतकार झाले. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) मधलं दोस्ताच्या लग्नाचं गाणं त्यांचं, ‘नील कमल’ (१९६८) मधलं पाठवणीचं त्यांचं, ‘आदमी सड़क का’ (१९७७) मधलं यारदोस्तांनी नाचायचं तेही त्यांचं. तिन्हींना आवाज महंमद रफींचा. रवी २०१२ साली गेले, रफी त्यांच्या कितीतरी आधी, १९८० साली. पण खान्देशात दर तिथीला हे दोघे हजर असतात. मग गाणी सगळ्यांचीच सारखी असतील तर गाव एकाच बॅण्डचं नाव का काढतं? उत्तर मिळायला आम्हाला दोन हंगाम लागले. गाणं कोणतं यापेक्षा ते कधी वाजलं, कोणासाठी वाजलं आणि कधी थांबलं, यावर नाव ठरतं.

लग्नात ऐकणारे तीन प्रकारचे असतात. नाचणारी पोरं, घरातल्या बायका आणि मांडवात घड्याळाकडे पाहत बसलेली म्हातारी माणसं. पैसे देणारा चौथा असतो आणि त्याला गाण्यातलं काही ऐकू येत नाही. त्याचं लक्ष आचाऱ्याकडे, वऱ्हाडाच्या बसकडे, रुसलेल्या व्याह्याकडे. दुसऱ्या दिवशी तो या तिघांना विचारतो, बॅण्ड कसा होता? ते जे सांगतील ते त्याचं मत. पोरांना वाटतं मिरवणूक संपूच नये. म्हाताऱ्यांना वाटतं मुहूर्त टळू नये. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं, पोरं तिथे दोन तास लावतात. चांगल्या मास्तराची परीक्षा इथे होते. चौकात पोरांना पोटभर नाचू द्यायचं, मग चाल न तोडता लय थोडी उचलायची आणि पाय पुढे टाकत राहायचं. पोरांना कळतही नाही आणि नवरदेव वेळेत बोहल्यावर चढतो. ‘हे लगीन टायमावर लावतात’ ही आमची पहिली प्रसिद्धी. संगीताशी तिचा काही संबंध नव्हता, पण आमचे पहिले चाहते म्हातारेच निघाले.

बायका कमावल्या त्या पाठवणीला. त्या वेळी बहुतेक बॅण्ड निघायच्या घाईत असतात. दुसरी सुपारी असते, गाडी चालू करून ठेवलेली असते. आम्ही ठरवलं की नवरी गाडीत बसेपर्यंत हलायचं नाही आणि पाठवणीला कर्णे बंद ठेवायचे. नुसती क्लॅरोनेट. त्या सुरात रडणाऱ्या आयांनी आम्हाला जितकं नाव दिलं तितकं नाचणाऱ्या शंभर पोरांनी दिलं नसेल. लग्नघरात कोणता बॅण्ड सांगायचा हे वरवर पुरुष ठरवतात. आत चुलीपाशी ते आधीच ठरलेलं असतं.

खान्देश एक म्हणतात, पण कान वेगवेगळे आहेत. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाणारा रस्ता (पूर्वी महामार्ग क्रमांक ६, आता ५३) नव्वदेक किलोमीटरचा. तेवढ्यात बोली बदलते आणि फर्माईशही बदलते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात लेवा मंडळींचं लग्न आटोपशीर. तिथे सुरेल वाजवलेलं लागतं. आसोद्याकडच्या लग्नांत बहिणाबाईंच्या गाण्याची चाल धरली की मागे बसलेल्या बायका गुणगुणायला लागतात. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्या ओव्यांना दिलेल्या चाली अजून कानांत आहेत. पश्चिमेला साक्री, शिंदखेड्याकडे अहिराणीशिवाय चालत नाही. डोंगराकडच्या गावांत एकच ठेका तासभर धरावा लागतो. ठेका मोडला तर नाचणारी रांग मोडते. आमच्या घरात आम्ही मोडकीतोडकी उर्दू बोलतो, शाळा मराठीत झाली, बाजार अहिराणीत. त्यामुळे तिन्ही कान आम्हाला होते. गाडीवरच्या माइकवरून मास्तर अहिराणीत दोन वाक्यं बोलले की गाव हसतं, आणि हसलेलं गाव निम्मं आपलं झालेलं असतं. एका लग्नात एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, ‘भो, आमना नातूना लगीनले बी तुम्हीच या.’ नातू तेव्हा सातवीत होता.

हे तोंडातोंडी पसरणं आपोआप होत नाही. त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मांडववाला, आचारी, घोडेवाला, फोटोग्राफर, न्हावी आणि भटजी. लग्न ठरल्याची बातमी या सहा जणांना सगळ्यात आधी कळते. आमच्या दुकानात भिंतीवर दाते पंचांग टांगलेलं आहे आणि त्याच्या शेजारी मशिदीतून मिळालेलं नमाजाच्या वेळांचं पत्रक. येणारा माणूस आधी दोन्हींकडे पाहतो आणि मग बसतो. आम्ही विवाहाच्या तिथी त्या भटजींइतक्याच घोकलेल्या असतात. आता पोरं वरातीचं चित्रण यूट्यूबवर टाकतात. झुमकेवाल्या पोरीचं अहिराणी गाणं राज्यभर गाजलं तेव्हा आम्हीही ते वाजवतानाचं चित्रण टाकलं. दुबईतून, सुरतेतून लोकांनी पाहिलं, बदाम पाठवले. सुपारी मात्र आली ती शेजारच्याच गावातून, आणि त्या माणसाने चित्रण पाहिलेलं नव्हतं. त्याच्या मेहुण्याने आम्हाला प्रत्यक्ष ऐकलं होतं. लग्नाच्या बॅण्डचा चाहता बैलगाडीच्या वेगाने वाढतो. पण एकदा आला की सहसा जात नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो. मिरवणूक आणि मशीद हा आपल्या मुलखातला जुना दुखरा विषय आहे. जुन्या धुळ्यात १८९५ साली गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीसमोर रक्त सांडलं. त्या गणपतीला आजही ‘खुनी गणपती’ म्हणतात. पुढे समेट झाला, आणि आता ती मिरवणूक मशिदीपाशी येते तेव्हा मशिदीतली माणसं बाहेर येऊन तिच्यावर फुलं उधळतात. नाव तेवढं जुनं राहिलं. हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे. पण अशा जागी वाद्य हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं हे सहसा कोणी विचारत नाही. आम्ही सुपारी घेतानाच मार्ग विचारतो. वाटेत मशीद आहे का, देऊळ कोणतं, आरती किती वाजता. अजानची वेळ मास्तरांना पाठ असते; ते वरात अशी चालवतात की त्या वेळी बॅण्ड दुसऱ्या गल्लीत असावा, नाहीतर पाणी प्यायला थांबलेला असावा. कोणाला ‘बंद करा’ म्हणायची वेळच येऊ नये. हे कसब कोणत्याही बाजापेटीवर शिकवता येत नाही.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली, गोळीबारात सहा मुस्लीम तरुण गेले. आम्ही तेव्हा जुन्या बॅण्डमध्ये होतो. संक्रांतीनंतरचा हंगाम तोंडावर होता. काही सुपाऱ्या परत गेल्या. इसार परत मागणाऱ्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. ‘तुमची माणसं आमच्या गावात आणायची जबाबदारी कोण घेणार’ असं ते म्हणत. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाने मात्र निरोप धाडला की ठरल्या दिवशी या, वेशीवर आम्ही उभे राहतो. आणि खरंच पंधरा-वीस माणसं वेशीवर उभी होती. त्यांना आमच्यातल्या कोणाचं नाव माहीत नव्हतं, बॅण्डचं होतं. त्या दिवशी आम्हाला कळलं की नाव म्हणजे काय असतं. पुढे स्वतःचा बॅण्ड काढताना खरं नाव ढोलावर लिहायचा हट्ट काहींनी का धरला, त्याचं मूळ त्या वेशीवर आहे.

आणि आपला मोहल्ला? इथे वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींच्या पाठवणीला वाजवतो. आमच्या लेकींच्या निकाहला घरात शांतता असते. निकाह जाहीर व्हावा म्हणून दफ वाजवायला हदीसमध्ये जागा आहे, हे सगळेच सांगतात. बाकी वाद्यांवर उलेमांत मतभेद आहेत आणि अलीकडे बाजा-डीजे असेल तर निकाह पढवणार नाही असं काही ठिकाणी ठरलं आहे. फटाके, कर्जं आणि रस्त्यावरचा धिंगाणा पाहिला की त्या ठरावामागची कळकळ आम्हालाही पटते. पण ज्याची चूलच फुंकेवर पेटते त्याने काय करायचं? आमच्यातले एक बुजुर्ग पाच वेळचे नमाजी होते. ते म्हणायचे, रोजी हलाल आहे की नाही याचा हिशेब अल्लाहकडे आहे, माझ्याकडे एवढंच आहे की घेतलेल्या पैशाइतकं वाजवायचं आणि दारू पिऊन वाजवायचं नाही. आमच्या बिरादरीतली काही पोरं या विचाराने धंदा सोडून गेली. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण सगनभाऊ शिकलगार होते आणि मराठी मुलखाने त्यांच्या लावण्या डोक्यावर घेतल्या. बार्शीच्या अमर शेखांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उसळल्या. आपल्याबाहेरच्या माणसांनी आपल्या फुंकेला, आपल्या गळ्याला आपलं म्हणावं ही रीत आपल्याकडे आमच्या आधीपासून आहे. आम्ही तिच्या शेवटच्या रांगेत उभे आहोत एवढंच.

रोजे हंगामात येतात तेव्हा ही रांग अधिक लांब वाटते. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो नेमका एप्रिलमध्ये पडला. जळगावचा एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर, आणि कोरड्या घशाने क्लॅरोनेट फुंकायची. आम्ही कोणाला सांगत नव्हतो. पण ज्या गावांत तीन-चारदा जाणं झालं होतं तिथे सूर्य कलला की कोणीतरी विचारायचं, ‘तुमचा टाइम किती?’ आणि वरात पाच मिनिटं थांबायची. खजूर मिळाला नाही तर केळी असायची. केळ्यांना आमच्याकडे तोटा नाही.

मग आलं २०२०. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली ती ऐन तिथींच्या तोंडावर. पुढे पन्नास माणसांत लग्न, मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांत अकरा वाजवणारे कुठे बसवणार? १४ मे २०२१ ला ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली. आखाजी म्हणजे खान्देशातला मोठा सण, मुहूर्त न पाहता लग्न लावायचा दिवस. त्या दिवशी ईदगाहही ओस होती आणि मांडवही. आम्ही कोणी केळीचे घड उतरवायला जात होतो, कोणी डाळमिलमध्ये गोणी उचलत होतो, कोणी हातगाडीवर भाजी विकत होतो. कर्णे पोत्यात बांधून ठेवले होते. अशात एक दिवस दुकानासमोर छोटा टेम्पो उभा राहिला आणि त्यातून ज्वारीची दोन पोती उतरली. पाठवणारा पारोळ्याकडचा शेतकरी. त्याच्या घरी आम्ही कधी वाजवलं नव्हतं. भावकीतल्या लग्नात त्याने ऐकलं होतं. चिठ्ठी नव्हती. ड्रायव्हरकडे निरोप होता, ‘वाद्यं विकू नका म्हणावं.’

ज्या बॅण्डला स्वतःचा चाहतावर्ग आहे असं म्हणतात, त्याचा अर्थ आम्ही तेव्हापासून असा लावतो. टाळ्या वाजवणारे पुष्कळ मिळतात. आपण वाजवत नसतानाही आपण वाजवत राहावं असं ज्यांना वाटतं, ते खरे आपले.

३ मे २०२२ ला ईद आणि आखाजी पुन्हा एकाच दिवशी आली. दोन्ही सण चंद्रावर चालतात, त्यामुळे कधी कधी अशी गाठ पडते. त्या दिवसांत राज्यभर भोंग्यांचा वाद पेटला होता, ज्याच्या त्याच्या तोंडी तीन मे ही तारीख होती. आम्ही सकाळी ईदची नमाज पढलो, गळाभेटी घेतल्या, शीरखुर्मा घेऊन डगले चढवले आणि धरणगावकडच्या वरातीला निघालो. दुपारी वरात गावातल्या मशिदीच्या अलीकडे आली आणि जोहरची अजान सुरू झाली. मास्तरांनी हात वर करायच्या आतच पुढे नाचणाऱ्या पोरांतला एक वळला आणि त्यानेच ढोलावर तळहात ठेवला. अजान संपेपर्यंत पोरं घाम पुसत उभी राहिली. मग त्यानेच ओरडून सांगितलं, ‘हं, नागिन!’

डीजेशी आमची स्पर्धा चालूच आहे. तो एका माणसात आणि एका लॅपटॉपमध्ये भागतो, आम्हाला अकरा ताटं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री दहानंतरच्या कर्ण्यांवर बंदी घातली तेव्हापासून सगळ्यांनाच घड्याळ पाहावं लागतं. पण कर्णे बंद केले की डीजे मुका होतो, आणि आमची क्लॅरोनेट तेव्हा सुरू होते. भिल्ल पोरांपैकी एक आता ट्रम्पेट शिकतोय. त्याला शिकवणारे आमचे तडवी काका त्याच्यावर दोन गोष्टींसाठी ओरडतात, एक म्हणजे गाल फुगवू नको आणि दुसरी म्हणजे गावाचं नाव विसरू नको. सुपाऱ्यांच्या वहीत यंदा बऱ्याच ओळींपुढे वधूवरांची नावं लिहायची राहिली आहेत. ती अजून ठरायची आहेत. तिथे नुसतं गावाचं नाव आणि पुढे लिहिलेलं आहे, ‘मागचेच लोक.’